दगडावर उमटलेली लक्ष्मी

राजा रविवर्मा यांनी 1894मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली रंगीत देवचित्रं घरोघरच्या देव्हाऱ्यांत पोचली. त्या चित्रांतल्या काही खुणा आणि छपाईची रीत अशी.

कमळ : लक्ष्मी कमळावर उभी. मूळ चिखलात, फूल पाण्यावर, पाकळीवर थेंब ठरत नाही. संसारात राहून अलिप्त असण्याची ही खूण.

हत्ती : सोंडेत माळ धरलेला. पावसाळी ढगाचं, म्हणून पिकापाण्याचं आणि समृद्धीचं प्रतीक.

मोर : वीणा वाजवणाऱ्या सरस्वतीशेजारी. महाराष्ट्रात तो तिचं वाहनच मानला जातो.

छपाई : चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूनं चित्र काढत. शिळा ओली केली की तेलकट रेषा शाई धरतात, ओला दगड ती झिडकारतो. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा. चित्र उलटं काढावं लागे. नाहीतर देवीचा उजवा हात कागदावर डावा व्हायचा.

जवळून पाहा : जुन्या घरात अशी तसबीर दिसली, तर भिंग लावा. देवीचा गाल म्हणजे बारीक रंगठिपक्यांची रांगोळी आहे!