नळी मोकळी झाली, तरी थकवा का?



खोडव्याबद्दल आम्ही दर हंगामात एकच गोष्ट सांगत असतो. ऊस तुटून गेला म्हणजे काम संपले असे समजू नका. बुडखे छाटा, नांग्या भरा, खताचा पहिला हप्ता वेळेवर द्या. तोडणीनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत जशी निगा राहील, तसा खोडवा उभा राहील. यंदा हीच गोष्ट आम्हाला पिकाबद्दल नव्हे, तर घरच्या बाईमाणसाबद्दल सांगावयाची आहे.

आमचा घाटंजी गट मुळात कापूस-तुरीचा. विहिरीच्या आणि वाघाडीच्या पाण्यावर ज्यांना जमले त्यांनी ऊस धरला. लागणीच्या नोंदी घेत गावोगाव फिरताना उसासोबत घरचे सुखदुःखही कानी पडते. गेल्या काही वर्षांत एक वाक्य वारंवार ऐकू येते : "साहेब, हिच्या हृदयात स्प्रिंग टाकली. आता नळी साफ आहे म्हन्ते डॉक्टर. मंग काऊन थकते ते?"

प्रश्न साधा आहे, पण त्यामागे थोडा संशयही असतो. बाई कामचुकारपणा करते की काय, असा. म्हणून हा लेख. आम्ही डॉक्टर नाही, शेतीची पदविका घेतलेले उसाचे माणूस आहोत. परंतु वैद्यकशास्त्रात जे सर्वमान्य आहे ते आपल्या भाषेत सांगण्यास हरकत नसावी.

स्टेंट म्हणजे काय?

हृदयाला रक्त पुरविणारी नळी चरबीच्या थराने अरुंद झाली की मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी घालून, टोकावरील फुगा फुगवून ती रुंद करतात. हे काम पहिल्यांदा १९७७ साली स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे डॉ. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी केले. नळी पुन्हा मिटू नये म्हणून धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, आत ठेवण्याची पद्धत १९८६ मध्ये सुरू झाली. २०१७ साली केंद्र सरकारने स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतही हा उपचार होतो. त्यामुळे नागपूर-सावंगीला जाऊन स्टेंट टाकून येणे आपल्या घरांना आता अगदी अशक्य राहिले नाही. स्टेंट आपल्यापर्यंत पोहोचला. स्टेंटनंतरची निगा मात्र अजून पुरती पोहोचलेली नाही.

ठिबकची नळी चोंदली, आपण ती धुऊन पाणी सुरू केले, तर त्याच दिवशी ऊस टवटवीत दिसतो काय? ज्या बेटांना पंधरा दिवस ताण बसला ती सावरण्यास वेळ घेतात. काही मुळे वाळलेली असतात. हृदयाचेही तसेच. झटका आला असेल तर काही स्नायू दुखावलेला असतो. झटका येण्यापूर्वीच ठरवून स्टेंट टाकला असेल, तर साधारण आठवडा-दोन आठवड्यांत बहुतेकांची नेहमीची कामे सुरू होतात. झटक्यानंतर मात्र काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही लागतात. एवढा थकवा अपेक्षितच असतो.

बाईचा थकवा वेगळा का पाहावा?

बाईच्या हृदयरोगाची तऱ्हा थोडी निराळी असते. छातीत कळ येऊन डावा हात धरणे हे चित्र आपण सिनेमात पाहिलेले. पण बाईला कधी नुसता दम लागतो, मळमळ होते, पाठ किंवा जबडा दुखतो. २००३ साली अमेरिकेत झटका येऊन गेलेल्या ५१५ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रियांनी सांगितले की, झटक्याच्या आधीचे काही आठवडे आपल्याला कधी नव्हे असा थकवा जाणवत होता. म्हणजे बाई "थकले" म्हणते तेव्हा ती रोगाचे पहिले लक्षणही सांगत असू शकते.

हा रोग फक्त लठ्ठ, आरामात बसणाऱ्यांचा, हाही गैरसमज. मुंबईत राहणाऱ्या, व्यायामाबद्दल प्रसिद्ध असलेल्या अभिनेत्री सुश्मिता सेन यांनी मार्च २०२३ मध्ये स्वतःच जाहीर केले की, आपणास झटका आला आणि स्टेंट टाकावा लागला. तेव्हा त्यांचे वय ४७ होते. वावरात राबणारी बाईसुद्धा यातून सुटलेली नाही. पाळी गेल्यानंतर तर धोका वाढतोच.

थकव्याची कारणे

आमच्या गटातील एका सभासद भगिनींचे उदाहरण घेऊ. दीड एकर ऊस त्यांच्या स्वतःच्या नावावर आहे. स्टेंट टाकून तीन महिने झाले, तरी विहिरीपासून घरापर्यंत येताना त्या दोनदा बसत. घरचे म्हणत, मनातून भीती गेली नाही. त्या म्हणत, "माह्या पायात जीवच नाही वाटत, भाऊ." शेवटी सूनबाईने हट्टाने तपासणीस नेले. रक्त फार कमी निघाले. अंगदुखीसाठी त्या दुकानातून गोळ्या आणून खात होत्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत त्या घेतल्याने पोटातून थोडे थोडे रक्त जात होते. दुखण्याच्या गोळ्या बंद झाल्या, रक्तवाढीचा उपचार झाला, आणि पुढील पावसाळ्यात त्या सरीच्या टोकापर्यंत न बसता चालू लागल्या. कारण सापडले म्हणून उपाय झाला.

अशी शोधण्याजोगी कारणे पुढीलप्रमाणे :

१) रक्त कमी असणे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर विचारा. आपल्या विदर्भात सिकलसेलही आहे; म्हणून लोहाच्या गोळ्या आपल्या मनाने नकोत, तपासून घ्याव्या. गुळाने रक्त भरून निघते ही समजूतही सोडावी. गुळात लोह थोडे असते, त्याने रक्तक्षय बरा होत नाही, आणि मधुमेह असेल तर साखर मात्र वाढते.

२) औषधे. हृदयाची गती आवरणाऱ्या गोळ्यांनी काहींना सुस्ती येते. रक्त पातळ करणाऱ्या एका गोळीने काहींना दम लागल्यासारखे वाटते. डॉक्टर मात्रा किंवा गोळी बदलू शकतात. पण आपण होऊन गोळी बंद करणे म्हणजे जीवाशी खेळ. स्टेंटमध्ये गाठ धरून नळी एकाएकी बंद होऊ शकते.

३) थायरॉईड, साखर, मूत्रपिंड. साध्या रक्ततपासणीत कळते.

४) हृदयाची ताकद कमी पडणे किंवा नवा अडथळा. यासाठी ईसीजी आणि इको. काही स्त्रियांत मोठी नळी साफ असूनही बारीक नळ्यांचा दोष राहतो.

५) झोप आणि मन. झटक्यानंतर उदास वाटणे, रात्री दचकून उठणे, पुन्हा होईल या भीतीने हातपाय गळणे, हे अनेकांना होते. यात लाजण्यासारखे काही नाही. यालाही औषध आहे.

६) आपला उन्हाळा. यवतमाळच्या मे महिन्यात रक्तदाबाच्या आणि लघवीच्या गोळ्या घेणाऱ्या बाईचा दाब खाली जाऊन गळाठा येतो. पाणी किती प्यावे, गोळी किती घ्यावी, हे डॉक्टरांना उन्हाळ्यापूर्वीच विचारून ठेवावे.

काम हप्त्याने द्यावे

पूर्वी झटका आलेल्यास सहा-सहा आठवडे खाटेवर निजवीत. १९५२ साली बोस्टनच्या डॉ. लेव्हिन आणि डॉ. लाउन यांनी रोग्यांना लवकर खुर्चीत बसविले आणि ते बरे राहतात असे दाखविले. तेव्हापासून शास्त्र बदलले. नुसते निजून थकवा वाढतो, एकदम कामाला जुंपूनही वाढतो. मध्यम मार्ग असा :

डॉक्टरांची परवानगी घेऊन घराजवळ सपाट रस्त्यावर पाच-दहा मिनिटे, दिवसातून दोनदा चालावे. दर आठवड्यास पाच मिनिटे वाढवीत अर्ध्या तासावर यावे. चालताना सोबतच्या बाईशी बोलता आले पाहिजे. बोलणे तुटू लागले की वेग कमी करावा. ऊन चढण्यापूर्वी जावे, जेवून लगेच जाऊ नये.

मनगटातून उपचार झाला असेल तर पहिला आठवडा त्या हाताने वजन नको. पाण्याची घागर, ओल्या कपड्यांची बादली, कुटाराचे टोपले, सिलिंडर, हे डॉक्टर सांगतील तोवर दुसऱ्याने उचलावे. भाजी निवडणे, हिशेब पाहणे ही कामे आधी, स्वयंपाक वाटून, वावर सर्वांत शेवटी. दुपारी अर्धा-पाऊण तास निजणे हा तिचा हक्क समजावा. आहारात डाळ, पालेभाजी, फळे. लोणचे, पापड आणि वरून मीठ कमी. जेवणासोबत चहा नको, त्याने अन्नातील लोह अंगी लागत नाही. तंबाखू, गुडाखू, मिश्री पूर्ण बंद.

केव्हा थांबू नये

छातीत दाब, घाम, झोपल्यावर दम, एकाएकी वाढलेला थकवा, भोवळ, पायावर सूज, काळी शौच, यांपैकी काही दिसले तर "उद्या पाहू" म्हणू नये. छातीत दाब, घाम, दम किंवा भोवळ असेल तर थेट १०८ क्रमांकास फोन करावा. घाटंजीच्या ग्रामीण रुग्णालयापासून यवतमाळचे वैद्यकीय महाविद्यालय सुमारे चाळीस किलोमीटर, आणि नागपूर त्याहून कितीतरी दूर. आपल्याकडे वेळ रस्त्यातच जातो, म्हणून घरातला वेळ तरी वाचवावा. डिस्चार्जचा कागद आणि गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत, दाराजवळच्या खुंटीला टांगून ठेवावी.

शेवटचे सांगणे बंधूंना. बाई स्वतःहून तपासणीस चला म्हणणार नाही. पेरणी आहे, लेकीचे बाळंतपण आहे, खर्च आहे, अशी तिची कारणे तयार असतात. उसाची उचल मिळाली की मोटारीची दुरुस्ती आपण न विसरता करतो. तशीच तिच्या पुढील तपासणीची तारीख कॅलेंडरवर लिहावी आणि त्या दिवशी सोबत जावे. डॉक्टरांसमोर ती "बरं आहे" म्हणेल. तेव्हा विहिरीपासून येताना ती किती वेळा बसते हे आपण सांगावे. एवढी एक गोष्ट या हंगामात प्रत्येक घराने करावी, अशी आमची विनंती आहे.