शिकंज्यांची मांडणी

शिकंज्यांची मांडणी ही सुतारकामातील शिकंजे (क्लॅम्प) टांगून ठेवण्यासाठी भिंतीवर बसवलेली लाकडी रचना आहे. सरस लावलेले सांधे सुकेपर्यंत दाबून धरण्यास एकाच वेळी अनेक शिकंजे लागतात. ते जमिनीवर ठेवल्यास जागा अडते व त्यांच्या आट्यांत भुसा साचतो.

== रचना ==
सामान्यतः १८ मिमी जाडीच्या प्लायवूडची पाठफळी, तिला काटकोनात जोडलेली खाचांची फळी आणि खालून त्रिकोणी टेकू असे तीन भाग असतात. खाच शिकंज्याच्या दांड्यापेक्षा २ ते ३ मिमी रुंद ठेवतात. दांडा खाचेत शिरतो आणि वरचा स्थिर जबडा फळीवर टेकतो. शिकंजा घसरू नये म्हणून फळीच्या पुढील कडेला बारीक पट्टी ठोकतात. जी-शिकंजे आडव्या नळीवर अडकवले जातात.

== भार ==
प्रत्येकी २.५ किलोग्रॅमचे १० शिकंजे म्हणजे २५ किलोग्रॅम वजन. हे वजन भिंतीपासून १०० मिमी पुढे असेल आणि पाठफळीचे वरचे स्क्रू तिच्या खालच्या कडेपासून २०० मिमी उंचीवर असतील, तर त्या स्क्रूंवर सुमारे १२.५ किलोग्रॅम भाराइतकी ओढ येते. हे अंतर १०० मिमी केल्यास ओढ दुप्पट होते. म्हणून पाठफळी उंच ठेवतात व जड शिकंजे भिंतीलगत टांगतात.

== परभणी जिल्ह्यातील उपयोग ==
मराठवाड्यातील परभणी जिल्ह्यात विटांच्या भिंतीत छिद्र पाडून, प्लास्टिकचा गट्टू बसवून त्यात स्क्रू आवळता येतो. जुन्या माळवदाच्या घरांतील दगड-मातीच्या भिंतीत मात्र गट्टू पकड धरत नाही. अशा घरांत छताचा भार लाकडी खांब व तुळया पेलतात. त्यामुळे दोन मजबूत खांबांना आडवी फळी जोडून तीवर मांडणी बसवणे अधिक सुरक्षित ठरते. खांब वाळवीने पोखरलेला नाही, याची आधी खात्री करावी लागते.

जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत ओलसर भिंतीलगतचे लोखंड गंजते. बाभळीसारख्या टॅनिनयुक्त लाकडावर ओल्या सरसासह लोखंड टेकल्यास काळे डाग पडतात. त्यामुळे पाठफळीमागे हवेसाठी फट ठेवणे, आट्यांना तेलाचा पातळ हात देणे आणि जबड्याखाली कागद ठेवणे हे उपाय केले जातात.