शोकाचा भार गावाने वाटून घ्यावा

वऱ्हाडात एखाद्या घरी मृत्यू झाला म्हणजे तेरा दिवस ते घर एकटे नसते. शेजारपाजारचे लोक जेवण पोहोचवितात, सोयरेधायरे भेटीस येतात, गेलेल्याच्या आठवणी निघतात. तेरवी आटोपली की पाहुणे परततात. खरे दुःख पुष्कळदा त्यानंतर सुरू होते. अमरावती व अकोला या जिल्ह्यांत शेतकरी आत्महत्यांनी कित्येक कुटुंबांवर अकाली शोक ओढवला असल्याने हा प्रश्न केवळ घराचा राहिलेला नाही, तो गावाचाही झाला आहे.

शोक हेही एक कार्यच

सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात शोकाला मनाचे एक कार्य मानले. विल्यम वॉर्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये त्याची अधिक स्पष्ट मांडणी केली. मृत्यूचे वास्तव स्वीकारणे, वेदना सोसणे, गेलेल्या माणसावाचून जगण्याची घडी बसविणे आणि त्याची आठवण जपत पुढे चालणे, हा त्या विचाराचा सारांश होय. या कार्याला ठराविक मुदत नसते. म्हणूनच ‘आता रडू नका’ असे सांगण्यापेक्षा शोकग्रस्ताचे म्हणणे शांतपणे ऐकून घेणे अधिक उपकारक ठरते.

वऱ्हाडातील वस्तुपाठ

संत गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. वडील लवकर निवर्तल्याने त्यांचे बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाच्या घरी गेले. १९२३ मध्ये त्यांचा एकुलता एक मुलगा गोविंद मरण पावला. ती वार्ता कीर्तनप्रसंगी कळूनही त्यांनी कीर्तन थांबविले नाही, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. प्रत्येकाने अश्रू आवरावेत, असा त्याचा अर्थ मात्र नव्हे. बाबांनी आपले आयुष्य परक्यांच्या दुःखनिवारणास वाहिले होते, आणि त्या सेवेतच त्यांच्या जीवनाचा अर्थ होता. कर्ज काढून जेवणावळी घालण्यास त्यांनी सतत विरोध केला. त्यांच्या नावे दादर येथे चालणाऱ्या धर्मशाळेत आजही कर्करोगाचे रुग्ण व त्यांचे आप्त अल्प खर्चात राहतात.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे ११ ऑक्टोबर १९६८ रोजी कर्करोगाने निधन झाले. दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात गुरुकुंज मोझरी येथे सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी विशाल जनसमुदाय स्तब्ध उभा राहून मौन श्रद्धांजली अर्पण करतो. सामुदायिक शोकाला शिस्त व आशय कसा देता येतो, याचे हे उदाहरण होय.

अखेरच्या दिवसांतील सोबत

असाध्य रोग जडला म्हणजे ‘आता उपाय नाही’ असे म्हटले जाते. रोगावर उपाय नसला तरी वेदनेवर असतो. सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सुरू केलेल्या शुश्रूषागृहाने ही दृष्टी जगाला दिली. मुंबईत १९८६ मध्ये ‘शांती आवेदना सदन’ उभे राहिले. केंद्र शासनाने २०१२ मध्ये पॅलिएटिव्ह केअरचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला, तर २०१४ च्या कायदेदुरुस्तीने मॉर्फिनसारखी वेदनाशामके रुग्णांना मिळण्याचा मार्ग सुकर केला. वेदना शमली की रुग्णाला मनातले बोलता येते, राहिलेले व्यवहार सांगता येतात, निरोप घेता येतो. अशा निरोपाने मागे राहणाऱ्यांचा शोकही काहीसा हलका होतो.

साह्य आणि सन्मान

आत्महत्याग्रस्त कुटुंबाचे दुःख अधिक बिकट असते. त्यात अपराधाची भावना व लोकापवादाचे भय मिसळलेले असते. पात्र कुटुंबास शासनाकडून एक लाख रुपयांचे साह्य मिळते. तथापि त्यापूर्वी चौकशी होते. कर्ज किती, कारण काय, हे प्रश्न विचारणाऱ्या कर्मचाऱ्यासमोर बसलेली स्त्री त्याच आठवड्यात विधवा झालेली असते, याचे भान ठेवले पाहिजे. प्रस्ताव अपात्र ठरला तरी शोक अपात्र ठरत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामसभेने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही हे अनुकरणीय असल्याचे कळविले. असा ठराव वऱ्हाडातील कोणतीही ग्रामसभा करू शकते. त्यास पैसा लागत नाही.

गावाने काय करावे?

तेरवीनंतर पहिल्या महिन्यात, पहिल्या सणाला आणि पहिल्या पेरणीच्या वेळी त्या घरी कोणीतरी जावे. सातबाऱ्यावरील वारसनोंद, बँकेचे कागद, निवृत्तिवेतनाचे अर्ज यांसाठी पंचायत सदस्याने सोबत करावी. वडील गमावलेले मूल वर्गात गप्प राहू लागले वा चिडू लागले, तर शिक्षकाने त्याला शिक्षा न करता जवळ घ्यावे. अनेक महिने झोप व भूक उडाली असल्यास अथवा जगणे नकोसे झाल्याचे बोल कानी आल्यास आशा कार्यकर्तीमार्फत आरोग्य केंद्राशी संपर्क साधावा. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा विनामूल्य दूरध्वनी ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे.

गेलेला माणूस कोणालाही परत आणता येत नाही. परंतु मागे राहिलेल्याला एकटे पडू न देणे गावाच्या हाती आहे. तेरा दिवसांची सोबत वर्षभर पुरविणारे गाव आपली जुनी रीतच अधिक अर्थपूर्ण करील.