लिपस्टिक

ओठांना रंग व तकाकी आणण्यासाठी वापरण्यात येणारे कांडीच्या स्वरूपाचे सौंदर्यप्रसाधन. मेण, तेल व रंगद्रव्य हे तिचे मुख्य घटक होत. मधमाश्यांचे मेण तसेच कार्नौबासारखी वनस्पतिजन्य मेणे यांमुळे कांडीला घट्टपणा येतो, तर एरंडेलामुळे ती ओठांवर सहज फिरते. वितळविलेले मिश्रण साच्यात ओतून थंड करतात. उन्हाळ्यात कांडी मऊ पडू नये व थंडीत ठिसूळ होऊ नये, अशा बेताने मेणांचे प्रमाण ठरवावे लागते.

ओठ रंगविण्याची प्रथा प्राचीन आहे. इटलीतील तूरिन येथे जतन केलेल्या एका ईजिप्शियन पपायरसावर (सु. इ. स. पू. बारावे शतक) हाती आरसा धरून ओठ रंगविणारी स्त्री चित्रित केलेली आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रा त ओठांसाठी अलक्तक (लाखेचा रंग) व मेण यांचा उल्लेख येतो. मेण व रंग ही जोडी आजच्या लिपस्टिकचीच होय. मात्र तेथे ती नागरक पुरुषाच्या दिनचर्येत सांगितली आहे, हे लक्षणीय आहे.

यूरोपात अठराव्या शतकापर्यंत चेहऱ्यासाठी शिशाचा सफेता सर्रास वापरला जाई. १७६० मध्ये वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मरण पावलेल्या मारिया गनिंग, काउंटेस ऑफ कॉव्हेंट्री, हिच्या मृत्यूस असेच प्रसाधन कारणीभूत मानले जाते. एकोणिसाव्या शतकात ओठ रंगविणे हे नटी व वारांगना यांचे लक्षण समजले जाऊन कुलीन स्त्रियांना ते निषिद्ध ठरले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास धातूच्या नळीतील लिपस्टिक प्रचारात आली व १९२३ मध्ये जेम्स ब्रूस मेसन या अमेरिकनाने फिरवून वर आणता येणाऱ्या नळीचे एकस्व मिळविले. हा बदल वरवर किरकोळ वाटतो. परंतु त्यामुळे प्रसाधन शृंगारमेजावरून पिशवीत आले आणि नोकरीसाठी घराबाहेर पडणाऱ्या स्त्रीला ते चारचौघांत वापरता येऊ लागले. चित्रपटांनी त्याचा प्रसार केला. १९५० मध्ये हेझल बिशप या रसायनशास्त्रज्ञ महिलेने सहज न पुसली जाणारी लिपस्टिक बाजारात आणली. भारतात टाटा ऑइल मिल्स कंपनीने १९५२ मध्ये ‘लॅक्मे’ प्रसाधनांची निर्मिती सुरू केली.

महाराष्ट्रात स्त्रीच्या प्रसाधनात कुंकवाचे स्थान प्रमुख होते. पण ते सौभाग्याशी निगडित असल्याने विधवेस वर्ज्य होते. लिपस्टिक कोणत्याही विधीशी वा नात्याशी बांधलेली नव्हती. ती कुमारिका, विवाहिता वा विधवा कोणालाही केवळ स्वतःच्या आवडीखातर लावता येण्याजोगी होती. पांढरपेशा घरांत तिच्याकडे दीर्घकाळ संशयाने पाहिले गेले, त्याचे एक कारण बहुधा हेच असावे.

नीतीविषयी अशी चर्चा होत असता घटकांकडे मात्र समाजाचे व शासनाचे दुर्लक्षच झाले. अमेरिकेच्या १९०६ च्या अन्न व औषध कायद्यात सौंदर्यप्रसाधनांचा समावेश नव्हता. १९३० नंतरच्या काही वर्षांत ‘लॅश ल्यूर’ नावाच्या पापण्यांच्या रंगाने काही स्त्रियांना अंधत्व आले; अशा घटनांनंतर १९३८ च्या कायद्याने प्रसाधने नियंत्रणाखाली आली. लिपस्टिकमधील इओसीन वर्गीय रंग ओठांवर पक्के बसत. परंतु काही स्त्रियांच्या ओठांना त्यांमुळे दाह होऊन भेगा पडत. भारतात १९४० च्या औषध अधिनियमात १९६२ च्या दुरुस्तीने सौंदर्यप्रसाधने अंतर्भूत करण्यात आली.

लिपस्टिकचा काही अंश खाण्यापिण्याबरोबर पोटात जातो, म्हणून तिच्यातील शिशाचे प्रमाण महत्त्वाचे ठरते. रंगद्रव्यांत ते दशलक्ष भागांत २० भागांपेक्षा अधिक असू नये, अशी भारतीय नियमांत मर्यादा आहे. वेष्टनावर उत्पादकाचे नाव व परवाना क्रमांक नसलेल्या मालाबाबत ही मर्यादा पाळली गेल्याची खात्री देता येत नाही.