पेजेचा घोट आणि घाटीचा व्यायाम
लेखमाला : वारं गेल्यानंतरचं घर (लेखांक ६)

मालवणात माणूस आजारी पडला की चुलीवर पहिली चढते ती पेज. उकड्या तांदळाची, वर निवळ पाणी, खाली मऊ शितं, चवीपुरतं मीठ. तापात, बाळंतपणात, ऑपरेशननंतर तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या विश्वास टाकलेला आहे. त्यामुळे अंगावरून वारं गेलेल्या सासूला इस्पितळातून घरी आणलं की सून पेजेची वाटी घेऊन बसते आणि म्हणते, “आये, वायच पेज तरी पी.” त्या सुनेला आज आधी एक गोष्ट सांगायची आहे. गिळायला सर्वांत अवघड जे पदार्थ असतात, त्यांत पेज येते.

पेजेत पातळ आणि घट्ट एकत्र असतं. शितं जिभेवर थांबतात, चावली जाण्याची वाट बघतात. निवळ मात्र थांबत नाही. ती जिभेवरून घसरून घशात पोचते, तेव्हा घसा अजून तयारच नसतो. आपला घसा तेवढ्यात सावरून घेतो. पक्षाघात झालेल्याचा घसा उशिरा जागा होतो, आणि तोवर निवळ श्वासनळीच्या तोंडाशी गेलेली असते.

घशात काही अंतर अन्नाची आणि श्वासाची वाट एकच आहे. घास तिथून जाताना टाळूच्या मागचा पडदा नाकाकडची वाट बंद करतो, घाटी (कंठमणी) वर आणि पुढे उचलली जाते, स्वरयंत्र मिटतं, श्वास क्षणभर थांबतो आणि अन्ननलिकेचं तोंड उघडतं. हे सगळं साधारण एका सेकंदात होतं. त्यासाठी स्नायूंच्या पंचवीसहून अधिक जोड्या कामाला लागतात आणि मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या पाच जोड्या त्यांना हुकूम देतात. मालवणच्या दांडी किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढताना सगळ्यांचे हात एकाच वेळी दोरावर यावे लागतात, तसंच हे आहे. ताकद असून भागत नाही, वेळ जुळावी लागते. पक्षाघातात बऱ्याचदा बिघडते ती ही वेळच.

मेंदूच्या झटक्यानंतर पहिल्या काही दिवसांत जवळपास निम्म्या रुग्णांना गिळण्याचा कमीअधिक त्रास होतो. बऱ्याच जणांचा काही आठवड्यांत ओसरतो. ज्यांचा ओसरत नाही, त्यांच्या फुप्फुसात अन्न, पाणी, लाळ जात राहते आणि न्यूमोनिया होतो. ठसका लागला तर निदान घरच्यांना कळतं. काही रुग्णांना मात्र ठसका लागतच नाही, कारण घशाची जाणीवच बधिर झालेली असते. जेवल्यावर आवाज ओला, घोगरा येणं, डोळ्यांत पाणी येणं, जेवणानंतर धाप लागणं, कारण नसताना पुन्हा पुन्हा ताप येणं, यांतलं काहीही दिसलं तर ‘ठसका नाही म्हणजे ठीक आहे’ असं समजू नका.

आता व्यायामाकडे येऊ. त्याआधी व्यायामाचा उपयोग का होतो, ते समजून घेतलं पाहिजे, नाहीतर चार दिवसांत कंटाळा येतो. हाताची हालचाल मुख्यतः मेंदूच्या विरुद्ध बाजूकडून चालते. गिळण्याचा कारभार मात्र दोन्ही बाजूंकडे असतो, एकीकडे जास्त, दुसरीकडे कमी. इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या शाहीन हमदी यांनी सहकाऱ्यांसह १९९६मध्ये हे दाखवून दिलं. मोठी बाजू निकामी झाली की गिळणं बिघडतं. पुढे ज्यांचं गिळणं परत आलं, त्यांच्यात न दुखावलेल्या बाजूचा गिळण्याचा भाग वाढलेला दिसला. म्हणजे धडधाकट बाजूला नवं काम शिकवायचं आहे, आणि ते शिकण्यासाठी गिळण्याचाच सराव हवा. लाळेचा प्रत्येक घोट हा सरावच.

पहिला व्यायाम साधा आहे: जोर लावून गिळणं. तोंडात फक्त लाळ. जीभ टाळूवर घट्ट दाबायची आणि मोठा घास उतरवतोय अशा ताकदीनं गिळायचं. जीभ घास मागे ढकलते ती ताकद यातून वाढते.

दुसरा मला सर्वांत मोलाचा वाटतो. दोन बोटं गळ्यावर, घाटीवर हलकेच ठेवा आणि गिळा. घाटी वर जाते आणि खाली येते. आता ती वर गेली की तिथेच अडवून धरायची, दोनतीन सेकंद, मग सोडायची. घाटी जितका वेळ वर, तितका वेळ अन्ननलिकेचं तोंड उघडं. याला मेंडेलसन पद्धत म्हणतात. रुग्णाला शब्दांनी हे कळत नाही, त्याची बोटं आपल्या गळ्यावर ठेवून दाखवावं लागतं. आई, सून, नातू, सगळ्यांनी एकमेकांच्या घाटीला हात लावून शिकावं. बोलणं गेलेल्या रुग्णालाही हे स्पर्शातून कळू शकतं.

तिसरा शेकर यांचा. पाठीवर उताणं निजायचं, उशी नाही, खांदे न उचलता फक्त डोकं उचलून पायांची बोटं बघायची. मूळ पद्धतीत एक मिनिट धरून एक मिनिट विश्रांती, असं तीनदा, मग तीस वेळा नुसतं उचलणं-टेकवणं. दिवसातून तीन वेळा, सहा आठवडे. सत्तरीच्या माणसाला पहिल्या दिवशी हे जमत नाही. मानेचा त्रास किंवा न आटोपणारा रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये. अशांना बसल्या बसल्या हनुवटीखाली मऊ चेंडू धरून तो दाबण्याचा व्यायाम देतात.

जिभेचं टोक दातांत धरून गिळण्याचा एक व्यायाम आहे, मासाको नावाचा. तो लाळेवरच करायचा. अन्न तोंडात असताना तो धोक्याचा आहे. आणि ‘हनुवटी छातीकडे घेऊन गिळा’ हा सल्ला सरसकट देऊ नये. काहींना त्याचा फायदा होतो, काहींना उलट त्रास. कुणाला काय, ते तपासून ठरतं.

तपासायचं कुणी? हे काम स्पीच थेरपिस्टचं. आपल्याकडे ते बोबड्या मुलांचे डॉक्टर म्हणून ठाऊक आहेत, पण घसा आणि जीभ हा त्यांचाच प्रांत. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात किंवा गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात नेलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांनी घरी निघण्याआधी स्पष्ट विचारावं: गिळणं तपासलं का? मालवणातून बांबोळी शंभराहून अधिक किलोमीटर. दर आठवड्याला जाणं कुणालाच परवडणार नाही. एकदा नीट तपासणी झाली की पुढचा सराव व्हिडिओ कॉलवर बघून घेता येतो.

सराव रोज झाला तर फरक पडतो, याला पुरावा आहे. ऑस्ट्रेलियात पर्थमध्ये ३०६ रुग्णांवर केलेला अभ्यास २००६मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त आला. महिनाभर कामाच्या प्रत्येक दिवशी गिळण्याचे उपचार मिळालेल्यांपैकी अधिक जण सहा महिन्यांत पूर्वीच्या जेवणावर परतले, छातीचे संसर्गही कमी झाले. त्याच देशात न्यू साउथ वेल्समधल्या १९ स्ट्रोक विभागांत परिचारिकांनी ताप, रक्तातली साखर आणि गिळणं या तीन गोष्टी ठरल्या रीतीनं सांभाळल्या, तर तीन महिन्यांनी रुग्णांची स्थिती अधिक चांगली निघाली. त्यात कुठलं महागडं यंत्र नव्हतं. आपल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयातल्या परिचारिकांना हे शिकवायला हवं, आणि त्यासाठी मी आग्रह धरणार आहे.

आता वाटीत काय घालायचं? पेजेऐवजी शितांसकट बारीक वाटून एकजीव केलेली पेज, किंवा गुठळी न होऊ देता शिजवलेली कुळथाची पिठी, नाचणीचं सत्त्व. दाटपणा किती, ते तपासणीनंतर ठरतं, आणि रोज तोच राखायला घरात एक साधन पुरतं. मेडिकल दुकानातली दहा मिलीची सिरिंज घ्या, दट्ट्या काढा, टोकाला बोट लावून दहापर्यंत भरा, बोट काढा आणि दहा सेकंद मोजा. एक मिलीपेक्षा कमी उरलं तर ते पाण्याइतकं पातळ. चार ते आठच्या मध्ये उरलं तर मध्यम पातळ, आठाच्या वर तर बऱ्यापैकी दाट. पिठी निवली की घट्ट होते, म्हणून वाढण्याच्या वेळीच मोजा. उष्टा चमचा पातेल्यात बुडवू नका. लाळेतलं द्रव्य पिठाचा दाटपणा मोडतं आणि सकाळी दाट असलेलं दुपारी पाणी होतं. शहाळं, सोलकढी, चहा पाण्यासारखेच पातळ. आइस्क्रीमही तोंडात गेल्यावर पाणीच. दाट पेयांचा एक तोटा आहे, माणसं ती कमी पितात. वैशाखातल्या उकाड्यात लघवी गडद होतेय का, ते बघत राहा.

भरवताना रुग्ण पूर्ण जागा, ताठ बसलेला, चमचा लहान, स्ट्रॉ नको. पहिला घास उतरल्याशिवाय दुसरा नको. लुळ्या बाजूच्या गालात अन्न साठून राहतं, ते बोटानं बघा. जेवल्यावर अर्धा तास आडवं करू नका. शक्य असेल तर चमचा रुग्णाच्याच हातात द्या, आपण मनगट सांभाळा. ज्यांना दुसऱ्यानं भरवावं लागतं त्यांच्यात न्यूमोनियाचा धोका अधिक आढळला आहे. आणि दिवसातून दोनतीनदा दात, हिरड्या, जीभ, कवळी स्वच्छ करा, नळीनं अन्न देत असाल तरीही. लाळ फुप्फुसात गेलीच तर तिच्याबरोबर जंतू कमी जावेत. जपानमधल्या वृद्धाश्रमांत नुसती तोंडाची निगा राखून न्यूमोनिया कमी झाला.

मालवणात उरतो तो एकच प्रश्न: निस्त्याक, म्हणजे मासळी, कधी? पेडवे, तारल्या दूरच ठेवा. काटा न जाणवणाऱ्या तोंडाला ते परवडणारे नाहीत. मऊ अन्न चावता येऊ लागलं आणि तज्ज्ञानं होकार दिला की सुरमईची शिजलेली तुकडी हातानं कुस्करून, एकेक काटा काढून, घट्टसर आमटीत कालवून द्यावी. पातळ आमटीत तरंगता तुकडा नको, पेजेचंच संकट पुन्हा उभं राहील.

पुढच्या आठवड्यात नाकातून घातलेल्या नळीबद्दल: ती कधी लागते, घरी कशी सांभाळायची आणि निघते केव्हा.