लढाईच्या मुलखातली शाळा



या अंकासाठी मी अफगाणिस्तानातल्या शाळांवर लिहिते आहे. नकाशात पाकिस्तानच्या पलीकडे हा डोंगराळ देश दिसतो.

तिथे १९७९ साली सोव्हिएत रशियाचे सैन्य शिरले. ते १९८९ साली परत गेले, पण मग आपसातच जुंपली. १९९६ ते २००१ या काळात तालिबानचे राज्य होते, तेव्हा मुलींना शाळाबंदी होती. काही बायका घरातच गुपचूप मुलींना शिकवीत. २००१ नंतर शाळा उघडल्या, पण लढाई काही संपली नाही.

लढाईत शाळा नुसती बॉम्बगोळ्यांनीच बंद पडते असे नाही. गुरुजी गाव सोडून जातात. कधी इमारतीत सैनिकच मुक्काम ठोकतात. मग चालू असलेली शाळा लांब पडते आणि वाटेत भीती असते. घरची माणसं मुलाला एक वेळ धाडतील, पण मुलीला नाही. "एवढ्या लांब पोरीला कशी पाठवायची?" हे आपल्याकडच्या आयासुद्धा म्हणतात. तिथं तर वाटेवर बंदुका!

यावर उपाय काय? मुलं शाळेपर्यंत जाऊ शकत नसतील, तर शाळाच मुलांपर्यंत न्यायची. घोर नावाच्या प्रांतात २००७ साली हे करून पाहिले. नवी इमारत बांधली नाही. मशिदीत किंवा कुणाच्या घरातल्या खोलीत वर्ग भरवला. शिकवायला शक्यतो गावातलाच शिकलेला माणूस घेतला. पुस्तके सरकारी शाळेतलीच दिली.

याचा उपयोग किती झाला, हे डाना बर्ड आणि ली लिंडेन या दोन संशोधकांनी मोजले. एकूण ३१ गावे होती. सगळीकडे एकदम शाळा काढणे जमणार नव्हते, म्हणून कोणाला आधी द्यायची हे सोडतीसारखे ठरवले. १३ गावांना पहिल्या वर्षी शाळा मिळाली. बाकीच्यांची पाळी पुढच्या वर्षी होती. मग दोन्हीकडची पोरं मोजली. शाळा मिळालेल्या गावांत शंभर मुलांमागे ४२ मुले जास्त शाळेत जात होती. नुसत्या मुली धरल्या तर शंभरात ५२ जास्त! आधी मुली मुलांच्या बऱ्याच मागे होत्या. शाळा गावात आल्यावर मुलगे-मुलींमधला तो फरकच उरला नाही. आणखी एक गोष्ट दिसली. शाळा एक मैल लांब गेली की शंभरातली १६ मुले गळतात.

यावरून मला असे वाटते की तिथल्या आईबापांना मुली शिकायला नकोत असे नव्हते. अंतर नको होते, भीती नको होती.

पण शाळा जवळ असून भागत नाही, परवानगीही लागते. २०२१ साली तालिबान पुन्हा सत्तेवर आले आणि त्यांनी सहावीनंतर मुलींना शाळा बंद केली. २३ मार्च २०२२ रोजी वरचे वर्ग उघडणार होते. मुली दप्तरे घेऊन गेल्या आणि त्याच दिवशी त्यांना घरी परत पाठवले. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठेही बंद केली. या बंदीमुळे निदान १४ लाख मुली माध्यमिक शिक्षणाला मुकल्या, असे युनेस्कोने २०२४ साली सांगितले.

मी सातवीत आहे. म्हणजे तिथे असते तर माझी शाळा गेल्या वर्षीच सुटली असती.

आपल्याकडे लढाई नाही, बंदी नाही. आपली शाळा मात्र सातवीपर्यंतच आहे आणि हायस्कूल पाच किलोमीटरवर आहे. आमच्या वर्गातल्या नऊ मुलींपैकी चौघींचे पुढचे अजून ठरलेले नाही. मुलींना एस.टी.चा पास फुकट मिळतो. गाडी चुकली तर चौघी-पाचजणी मिळून चालत जाता येते. तेव्हा पालकांनो, अंतर पाहून मुलीचे नाव काढू नका. ते अंतर कसे कमी करायचे, हे एकदा सगळे मिळून बसून ठरवा. आम्ही चालायला तयार आहोत.

— इयत्ता ७ वीतील एक विद्यार्थिनी