आभाळातील अप्काय : कर्जत-खालापूरचा वळीव आणि हवामानाचा अंदाज

वैशाख सरत आला की खोपोली परिसरात सायंकाळी एकच प्रश्न निघतो : उद्या पहाटे विहार होईल का? पनवेलहून चौक, खालापूर, खोपोली आणि पुढे बोरघाट चढून लोणावळा, हा जुन्या महामार्गाचा रस्ता साधू-साध्वीजी पायी चालतात. पाऊस पडत असताना ते गोचरीलाही बाहेर पडत नाहीत. त्याच सायंकाळी कर्जतच्या बाजारपेठेत धान्याच्या गोण्यांवर ताडपत्री टाकावी की नाही, याचा विचार चालू असतो. भाताचा पेंढा रचणारा आणि वीटभट्टीवर कच्च्या विटा वाळत घातलेला माणूसही माथेरानच्या दिशेने पुन्हा पुन्हा पाहत असतो.

पाण्याची रूपे ओळखण्याची सवय जैन परंपरेला जुनीच आहे. दशवैकालिक सूत्राच्या चौथ्या अध्ययनात अप्कायाचे प्रकार सांगितले आहेत : भूमीतील पाणी, दव, हिम, धुके, गारा, गवताच्या टोकावरचे जलबिंदू आणि आकाशातून पडणारे शुद्ध पाणी. कर्जतमध्ये बर्फ पडत नाही, म्हणून या यादीतील हिम आपल्याकडचे नव्हे, असे कोणालाही वाटेल. वळवाच्या ढगाचा शेंडा मात्र वेगळेच सांगतो.

कर्जत-खालापूरचा प्रदेश समुद्रापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. समुद्रावरचा गार वारा येथे उशिरा आणि क्षीण होऊन पोहोचतो, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत येथील दुपार मुंबईहून कितीतरी अधिक तापते. तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते. दुपारनंतर पश्चिमेकडून आलेली दमट हवा तिला मिळते आणि डोंगरउतार तिला आणखी वर ढकलतो. वर जाताना हवा थंड होते व तिच्यातील बाष्प धूलिकणांभोवती साकळून सूक्ष्म थेंब बनतात. असे सुमारे दहा लाख ढगकण एकत्र येतात, तेव्हा पावसाचा एक थेंब तयार होतो.

उन्हाळ्यात आपल्या आकाशात सुमारे पाच किलोमीटर उंचीवर तापमान शून्य अंशाला येते. वळवाचा ढग त्याच्याही वर, दहा-बारा किलोमीटरपर्यंत चढतो. तेथे हिमकण असतात आणि ते मऊ गारांच्या कणांवर आदळून विद्युतभार निर्माण करतात. तीच पुढे वीज होते. वर-खाली फेकल्या जाणाऱ्या हिमकणांवर पाण्याचे थर गोठत गेले की गार बनते. कोकणातील सखल भूमीवर पोहोचेपर्यंत बहुतेक गारा उष्ण हवेत वितळतात. घाटमाथ्यापलीकडे, उंच पठारावर त्या अधिक वेळा शाबूत पडतात. म्हणजे कर्जतला पडणाऱ्या वळवाच्या थेंबांपैकी बरेचसे वर हिम किंवा गार असतात.

जूनमधील मोसमी पाऊस याहून निराळा. अरबी समुद्रावरून आलेला ओलसर वारा सह्याद्रीच्या भिंतीला अडतो, सलगपणे वर चढतो आणि दिवसेंदिवस पाणी सांडतो. त्यातील अनेक ढग ठेंगणे असतात. त्यांत बर्फाची गरज लागत नाही, थेंबावर थेंब आदळूनच मोठा होतो. घाट ओलांडून उतरताना तोच वारा कोरडा पडतो. म्हणून कर्जतला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक, तर पुण्याला सातशेच्या आसपास पाऊस मिळतो.

हा भेद कळला की हवामान खात्याची भाषाही उलगडते. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ याचा अर्थ अनेकजण ‘कदाचित पडेल’ असा घेतात. वास्तविक तो विस्ताराचा शब्द आहे : त्या विभागातील पंचवीस टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस. वळवाचा एक ढग काही किलोमीटरचाच असतो. नेरळला धो-धो पडताना खोपोलीची धूळही भिजत नाही. अशा वेळी अंदाज चुकला म्हणणे अन्यायाचे होते. दिवसभराचा अंदाज जिल्ह्याचा असतो. आपल्या आभाळासाठी पुढील तीन तासांची तात्कालिक सूचना पाहावी. तिला कुलाबा आणि वेरावली येथील रडारांचा आधार असतो.

रंगांचेही तसेच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे कृती करा. चोवीस तासांत 64.5 मिलिमीटरपासून ‘जोरदार’, 115.6 पासून ‘अति जोरदार’ आणि 204.4 च्या पुढे ‘अत्यंत जोरदार’ पाऊस मानला जातो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या गोदामाच्या छपरावर 65 मिलिमीटर पाऊस पडला, तर साडेसहा हजार लिटर पाणी पन्हळीतून जावे लागते. ही पन्हळ एप्रिलमध्येच साफ करावी.

केवळ पंचांगावर विसंबणे आता पुरत नाही. आर्द्रा नक्षत्र 22 जूनच्या सुमारास लागते आणि अनेक श्वेतांबर घरांत त्या दिवसापासून आंबा बंद होतो. 2025 मध्ये मात्र मोसमी पाऊस 26 मे रोजीच मुंबईत दाखल झाला. त्याची नेहमीची तारीख 11 जून. पावसाळ्याची तयारी जूनच्या पहिल्या आठवड्यावर ठेवणाऱ्यांना त्या वर्षी उसंतच मिळाली नाही. आर्द्रेचा नियम व्रताचा आहे, तो पाळावाच. माल, छप्पर आणि विहार यांचा निर्णय मात्र रोजचा अंदाज पाहून घ्यावा.

अंदाज वाचण्यात केवळ गोण्यांचा प्रश्न नसतो. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. शोधकार्य थांबले तेव्हा 27 मृतदेह हाती आले होते आणि 57 जण बेपत्ता होते. त्या दिवशी रायगडसाठी अतिवृष्टीचा इशारा होता. जिल्ह्याचा इशारा कोणता उतार सुटेल हे सांगू शकत नाही. पाण्याने जड झालेल्या उताराखाली राहणाऱ्यांनी तो इशारा स्वतःसाठीच आहे असे मानून वेळीच हलावे आणि ज्यांची घरे, दुकाने, धर्मशाळा सखल व सुरक्षित जागी आहेत, त्यांनी त्या रात्री दार उघडे ठेवावे.

जयणा म्हणजे पाऊल टाकण्यापूर्वी पाहणे. वैशाखातल्या सायंकाळी माथेरानच्या माथ्यावर काळा ढग चढू लागला, तर एकदा आभाळ पाहावे, एकदा तीन तासांची सूचना पाहावी आणि मगच ताडपत्री, विहार किंवा प्रवास ठरवावा.